नावं जुळवणारी लायब्ररी

तलासरी आणि डहाणूच्या पाड्यांवरच्या लसीकरणाच्या याद्या फोनवर आणायचं काम मी एका संस्थेसाठी करत होते. ॲप तसं साधं, पण ते सारखं अडायचं नावांपाशी. वारली घरांत सोमा, मंगळ्या, शुक्र्या अशी वारांवरून ठेवलेली नावं पुष्कळ. आडनावंही तीच ती: वरठा, धोडी, हाडळ, घाटाळ. पाटीलपाडा तर गावोगाव. त्यात एक आशाताई मंगळ्या लिहिते, दुसरी मंगल्या. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्ट्यांवर कामाला जातात. बाळंतपण सिल्वासा किंवा वलसाडला झालं, तर कागद गुजराती लिपीत येतो. पावसाळ्याआधी कुटुंब परत आलं की तेच बाळ यादीत दुसऱ्यांदा चढतं. नाहीतर दोन बाळं एकच समजली जातात. हे दुसरं जास्त वाईट, कारण मग एकाची गोवर-रुबेलाची लस दुसऱ्याच्या नावावर पडते आणि दुसरं तसंच राहतं.

म्हणून नावं जुळवणारा भाग लिहिला. वाडा तालुक्यात शाळांच्या पटावर काम करणाऱ्या एका मैत्रिणीने तो मागितला, मी पाठवून दिला. तिला आढळलं की गोऱ्हे हे गावाचं नाव दोन तऱ्हांनी साठवलं जातं. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर पडतं, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखी, संगणकाला मात्र वेगळी; युनिकोडचं ठरलेलं प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. तिने आपल्या प्रतीत दुरुस्ती केली. माझी प्रत तशीच राहिली.

हा भाग स्वतंत्रपणे प्रसिद्ध करावा का, ही चर्चा तिथून सुरू झाली. सहकारी म्हणत, नको. वेगळ्या आवृत्त्या काढा, माहितीपत्रक लिहा, अनोळखी लोकांच्या शंका निस्तरा; एवढी माणसं आहेत कुठे? त्यांचं म्हणणं खरं होतं. पण मला हार्फबझ हे अक्षरं मांडणारं सॉफ्टवेअर आठवत होतं. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांत देवनागरीची जोडाक्षरं नीट मांडली जातात ती त्याच्यामुळे. त्याचा मूळ कोड फ्रीटाइप या प्रकल्पात होता. पँगो आणि क्यूटी या प्रकल्पांनी तो आपापल्या परीने वाढवला, आणि पुढे ती कामं एकत्र आणून वेगळा प्रकल्प उभा करावा लागला. आमच्याकडे अजून दोनच प्रती होत्या. तो भाग लायब्ररी म्हणून वेगळा काढायचं ठरलं.

मग रेघ कुठे मारायची, यात खरा वेळ गेला. ऱ ची दोन रूपं, गुजरातीतून देवनागरी, हे कुठल्याही तालुक्याला लागू शकतं; ते लायब्ररीत गेलं. मंगळ्या आणि मंगल्या एकच का, हे पाड्यावर विचारूनच ठरतं. म्हणून अशा नावांचे नियम आणि पाड्यांची यादी ॲपमध्येच ठेवली.

आमच्या कोडच्या टेस्टमध्ये उदाहरणं म्हणून खऱ्या बाळांची आणि आयांची नावं होती. ती नुसती खोडून भागत नाही. कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या गिटच्या जुन्या नोंदींत ती कोणालाही वाचता येतात. म्हणून जुना इतिहास न घेता नवी रिपॉझिटरी उघडली आणि एकेक उदाहरण नव्याने रचलं. काम कंटाळवाणं होतं आणि तारीख पुढे ढकलावी लागली, तरी मी हटले नाही. ज्या बाईने विश्वासाने आशाताईला आपलं नाव सांगितलं, तिचं नाव आमच्या सोयीसाठी जगासमोर जाता कामा नये.

वापरणारं दुसरं कोणी नसताना असा भाग वेगळा काढण्यात श्रम वाया जातात, असं माझं मत आहे. तसं कोणी मिळालं की मात्र थांबू नये. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीत अशा याद्या सांभाळणाऱ्यांनी आपापल्या भागातल्या नावांच्या अडचणी कळवाव्यात. उदाहरणं मात्र रचलेली द्या, खऱ्या माणसांची नकोत.