ओळख कोणाची?

गेल्या हंगामातील गोष्ट. मी कन्येकडे पुण्यास गेलो होतो. वसमतच्या एका आडत्याकडून आमच्या सांगलीच्या पेढीने हळद घेतली होती आणि त्या दिवशी सायंकाळपर्यंत पैसे पोहोचविण्याचा शब्द मी दिला होता. पेढीतील संगणकावरून हे काम मी रोज करतो. म्हणून निर्धास्तपणे जावयांचा लॅपटॉप घेतला, बँकेच्या संकेतस्थळावर नाव आणि पासवर्ड घातला. दोन्ही अचूक, तरी उत्तर आले, हे उपकरण ओळखीचे नाही, नोंदलेल्या मोबाइलवरील ओटीपी द्या. तो मोबाइल सांगलीस, पेढीच्या गल्ल्यात!

दिवाणजींना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "अण्णा, आवाज तुमचाच आहे. पण ओटीपी फोनवर कोणालाही सांगायचा नाही, अगदी मी मागितला तरी नाही, असे तुम्हीच बजावले आहे." क्षणभर राग आला; मग मी निरुत्तर झालो.

जावई म्हणाले, "मामा, बँकेचा दोष नाही." त्यांनी समजावून सांगितले ते असे. आपला ब्राउझर संकेतस्थळाला नकळत पुष्कळ काही सांगत असतो : पडद्याचे माप, संगणकातील टंक, भाषा, घड्याळाची वेळ कोणत्या प्रदेशाची, चित्र रेखाटण्याची ढब. यांतील एकेक गोष्ट हजारोंची सारखी असते. पण सर्व एकत्र केल्या की बोटाच्या ठशासारखी खूण उमटते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० साली सुमारे ४,७०,००० ब्राउझरांचे असे ठसे तपासले, तेव्हा ८३.६ टक्के ठसे दुसऱ्या कोणाशीही जुळले नाहीत. ठसा अनोळखी दिसला की संकेतस्थळ अधिक पुरावा मागते. कारण पासवर्ड चोरणाराही अनोळखी यंत्रावरूनच येतो.

याची दुसरी बाजूही आहे. याच ठशावरून जाहिरातवाले, कुकी पुसल्या तरी, आपला माग काढू शकतात. तो टाळण्यासाठी ठसा पुसट करणारा ब्राउझर वापरावा, तर संकेतस्थळांना आपण पुनःपुन्हा परकेच वाटू लागतो.

अखेर वसमतला फोन करून खरे ते सांगितले. आडते म्हणाले, "अण्णा, उद्या पाठवा. तुमचा शब्द आहे ना!" दुसऱ्या दिवशी सांगलीस पोहोचताच प्रथम पैसे पाठविले.

वडिलांच्या काळी हुंडीवरील अक्षर आणि सही पाहून माणूस ओळखला जाई. आज यंत्र आधी यंत्राला ओळखते. त्या दिवशी बँकेने मला ओळखले नाही. दिवाणजींनी ओळखूनही नियम मोडला नाही. आडत्यांनी केवळ शब्दावर विश्वास ठेवला. तिघांपैकी कोणीही चुकले नव्हते. चूक माझी होती. पेढीचा सारा व्यवहार मी एका यंत्रावर, एका मोबाइलवर आणि एकट्या स्वतःवर टांगून ठेवला होता.

आता चिरंजीवांना बँकेत दुसरे अधिकृत वापरकर्ते केले आहे. प्रवासाचा लॅपटॉप निघण्यापूर्वीच घरून एकदा उघडून पाहतो, नोंदलेला मोबाइल जवळ बाळगतो आणि परक्या यंत्राला 'हे उपकरण लक्षात ठेवा' असे कधीही सांगत नाही.

आणि दिवाणजींना त्या दिवशी आलेल्या रागाबद्दल, पेढीवर सर्वांसमक्ष, क्षमा मागितली.