कपाटातल्या डांबर गोळ्या आणि बाळाचे कपडे

गेल्या रविवारी आम्ही कपाट रिकामं केलं. न वापरलेले शर्ट बाजूला काढायला मला दहा मिनिटं लागली. सौ. मात्र तळातल्या गाठोड्यापाशी अडली. मुलाची झबली, टोपरी, दुपटी! आमचं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. जुनं भांडं मोडीत द्यायला इथे कोणी कचरत नाही. बाळाचे कपडे मात्र कोणी टाकत नाही. ते भाचीच्या नवजात मुलाला द्यायचं तिच्या मनात होतं. मऊ, जुनं सुती कापड बाळाला चांगलंच. पण गाठोड्यात डांबर गोळ्या होत्या, म्हणून मी नको म्हटलं.

या गोळ्यांत बऱ्याचदा नॅप्थलीन असतं. त्याची वाफ कपड्यांत मुरते आणि श्वासातून, त्वचेतून बाळाच्या रक्तात जाते. तेल लावलेल्या अंगातून जास्तच, आणि आपल्याकडे मालिश तर रोजची. काही बाळांच्या, विशेषतः मुलग्यांच्या, तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम जन्मतःच कमी असतं. अशा पेशी नॅप्थलीनमुळे भराभर फुटतात, कावीळ वाढते. फारच वाढली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बाळात हा दोष आहे का, हे वरवर पाहून कळत नाही.

असे कपडे घातल्यावर डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी झाली, बाळ पांढरंफटक पडलं किंवा दूध ओढेनासं झालं, तर कोवळ्या उन्हात धरून वाट पाहू नका. ते कपडे काढा, त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि गोळ्यांचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.