जबाबदारी आमची, सही कुणाची?

संस्थेच्या प्रशिक्षणाला शहरातून आलेले साहेब सांगत होते, "कामाची ओनरशिप घ्या. काम आपलं समजून करा, करिअर आपोआप पुढे जाईल." सभागृहात टाळ्या पडल्या. आम्ही वाजवल्या नाहीत. कारण आमच्या बीड जिल्ह्यात मुकादमही टोळीला हेच सांगतो : फड आपलाच समजा. नवरा-बायको मिळून एक कोयता, डोक्यावर उचल, खाडा झाला की दंड. ऊस कारखान्याचा, हिशोब मुकादमाचा. आपले फक्त कष्ट.

महारवतन आठवा. गावकीची कामं अंगावर, रात्री-अपरात्री हाक आली की निघायचं, माणूस घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचं. मोबदला तुटपुंजा. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात बदल करणारं विधेयक आणलं, ते याच गुलामीविरुद्ध. अधिकार नसलेली जबाबदारी म्हणजे वेठ. तिला इंग्रजी नाव दिल्याने ती करिअर होत नाही.

मग जबाबदारी घ्यायचीच नाही का? मित्रांनो, आम्हीही तसंच ठरवलं होतं. त्याची किंमत मात्र दुसऱ्यांनी मोजली.

ऊसतोड कामगारांच्या मुलांची हंगामी वसतिगृहासाठी यादी करण्याचं काम आमच्याकडे होतं. आई-बाप कारखान्याला गेले तरी मुलं गावात राहून शाळा शिकावीत, यासाठी ही सोय. पहिल्या वर्षी आम्ही वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्या. अहवालावर नाव आलं वरिष्ठांचं. आमचं आभारातही नव्हतं. करार अकरा महिन्यांचा, बोलणार कसं?

दुसऱ्या वर्षी आम्ही नेमून दिलं तेवढंच केलं. शाळेच्या पटावरून नावं उतरवली आणि यादी देऊन टाकली. गावाबाहेरच्या वस्तीतली तीन मुलं पटावर नव्हती. ती शोधणं कागदोपत्री आमचं काम नव्हतं. ट्रक निघाला, मुलंही आई-बापांबरोबर गेली. त्यातल्या एका मुलीची आजी पुढे भेटली तेव्हा म्हणाली, "तू येशील म्हनून लई वाट बघितली रं बाबा." आम्ही समाजशास्त्राचे एम. ए.; स्थलांतरावर तासभर बोलू शकतो. त्या म्हातारीपुढे एक शब्द फुटला नाही. वरिष्ठांवरचा राग आम्ही त्या लेकरांवर काढला होता.

तिसऱ्या वर्षी रीत बदलली. दिवसा माणसं कामावर असतात, म्हणून रात्री वस्तीवर गेलो. प्रत्येक यादीवर तारीख, आमची सही, माहिती देणाऱ्याचं नाव. कार्यालयात दिली की पोच घ्यायची, एक प्रत आपल्याजवळ. मग लेखी अर्ज केला : कोणत्या वस्त्या घ्यायच्या हे ठरवू द्या आणि फिरणाऱ्या सगळ्यांची नावं अहवालात छापा. पहिली मागणी मान्य झाली, दुसरी नाही. पण तालुका समन्वयकाची जागा निघाली तेव्हा मुलाखतीत आम्ही त्या प्रती टेबलावर ठेवल्या. जागा मिळाली.

खरी परीक्षा त्यानंतर आली. आमच्या सहीचा पहिला अहवाल तयार झाला आणि सोबत फिरलेल्या दोन सहकाऱ्यांची नावं आम्हीच विसरलो. त्यांच्यापैकी एकीने दाखवून दिलं. लाज वाटली. खुर्ची मिळताच आपणही साहेब होतो, ते असं.

५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णमाचारी यांनी घटना समितीत सांगितलं की मसुदा समितीच्या सात सदस्यांपैकी एकाने राजीनामा दिला, एकाचं निधन झालं, एक अमेरिकेत होते, बाकीचे या ना त्या कारणाने दूर. भार पडला तो डॉ. आंबेडकरांवर. तरीही २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बी. एन. राव, मसुदाकार एस. एन. मुखर्जी आणि कर्मचाऱ्यांना श्रेय दिलं. पुढे १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपद सोडलं. हिंदू कोड बिल रखडवलं जाणं हे त्याचं एक मोठं कारण. काम अंगावर घेणं, श्रेय वाटणं आणि काम अडवलं गेलं तर खुर्ची सोडणं, तिन्ही मिळून मालकी होते. प्रशिक्षणात यातलं फक्त पहिलं शिकवतात.

म्हणून नोकरीत असलेल्या आमच्या भावा-बहिणींना सांगणं आहे. काम अंगावर घ्या, पण अधिकारही लेखी मागा. केलेल्या कामाची नोंद आणि पोच ठेवा. वरिष्ठाने श्रेय लाटलं तर त्याच्याशी भांडा; ज्यांच्यासाठी काम आहे त्यांना शिक्षा देऊ नका. आणि बढती मिळाली की आपल्या खालच्या माणसाचं नाव आधी लिहा. १८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल खंत व्यक्त केली होती. ती आपल्याला उद्देशूनही आहे.

ती मुलगी त्या वर्षी शाळेत परतली नाही. पुढच्या हंगामाच्या यादीत तिचं नाव आम्ही सर्वांत वर लिहिलं.

जय भीम!