दगडाच्या नावाचे युग

पाषाणयुग हे नाव आम्हांला नेहमीच एकतर्फी वाटत आले आहे. दगड टिकला म्हणून युग त्याच्या नावावर चढले. दोर, जाळे, वस्त्र कुजले, म्हणून त्यांच्या वाट्याला पाठ्यपुस्तकातली जेमतेम एक ओळ आली. साहित्याच्या अभ्यासकांनी तरी हे निमूट मान्य करू नये. सूत्र, ग्रंथ, निबंध, प्रबंध हे आपले शब्द दगड फोडणाऱ्याचे नव्हेत, ओवणाऱ्या-बांधणाऱ्याचे आहेत.

सायबेरियातील डेनिसोवा गुहेतली हाडाची सुई सुमारे ५०,००० वर्षांपूर्वीची मानतात. तिला नेढे आहे. म्हणजे ओवायला काहीतरी होते, मग ते जनावराच्या स्नायूचे का असेना. जॉर्जियातील झुझुआना गुहेत ३०,००० वर्षांहून जुने रानजवसाचे तंतू मिळाल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. त्यांतले काही पिळलेले, काही चक्क रंगवलेले! निव्वळ थंडी भागवायची तर रंग कशाला?

मोरावियातील डोल्नी वेस्तोनिस येथे सुमारे २६,००० वर्षांपूर्वी ओल्या मातीवर विणलेले काही टेकले आणि ती माती पुढे भाजली गेली. वस्त्र गेले, वीण उरली. जेम्स अडोव्हासिओ आणि ओल्गा सॉफर यांनी १९९० च्या दशकात हे ठसे वाचले. 'वाचले' हे क्रियापद आम्ही जाणूनबुजून योजतो आहोत. हरवलेल्या संहितेचे पाठ असेच लावावे लागतात.

धाग्याला कधी तांबेही वाचवते. त्याचे क्षार कुजवणाऱ्या जंतूंना मारतात. बलुचिस्तानातील मेहरगढच्या दफनातल्या एका तांब्याच्या मण्यात इसवी सनापूर्वीच्या सहाव्या सहस्रकातला कापूस असाच राहिला.

आणि नेवासे. मराठीच्या विद्यार्थ्याला तेथे ज्ञानेश्वरीच आठवणार. पण त्याच प्रवराकाठी ह. धी. सांकलियांच्या उत्खननात, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पुरलेल्या एका बालकाच्या गळ्यातले तांब्याचे मणी मिळाले. त्यांत धागा शाबूत होता. त्यात कापूस आणि रेशीम असल्याचा निर्वाळा परीक्षकांनी दिला.

एलिझाबेथ वेलँड बार्बर यांनी 'विमेन्स वर्क' (१९९४) या पुस्तकात कताई-विणाई बायकांकडे का राहिली, याचे साधे कारण मांडले आहे: हे काम मूल सांभाळता सांभाळता होते, मध्येच टाकून पुन्हा उचलता येते. नेवाशाचा तो धागा पिळताना असे किती वेळा थांबावे लागले असेल? मणी ओवून झाल्यावर शेवटची गाठ मात्र कुणीतरी त्या लेकराच्या मानेमागेच मारली असणार.