पलंगाजवळची उपासना

वाचकहो, आमचे घर कर्जत स्थानकापासून फार दूर नाही. पहाटे गाव निजलेले असते, तेव्हा पुण्याकडे निघालेल्या गाडीला मागून जादा इंजिने जोडल्याचा ठोका स्पष्ट ऐकू येतो. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट इतका तीव्र आहे. म्हणून मुंबईहून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना येथे मागून रेटा द्यावा लागतो. रेल्वेतली माणसे या इंजिनांना ‘बँकर’ म्हणतात. माझ्या पतींची सारी नोकरी याच घाटात गेली. सहा वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. तेव्हापासून तो पहाटेचा ठोका हेच माझे घड्याळ झाले आहे.

आम्ही ख्रिस्ती. लग्न झाल्यापासून सकाळी पवित्र शास्त्राचा एक अध्याय, रात्री निजण्यापूर्वी दोघांनी मिळून प्रभूची प्रार्थना आणि रविवारी उपासना, हा आमचा नेम होता. आजारपणाने पहिला घाव घातला तो या नेमावर. रविवारी त्यांना एकटे सोडून जाता येईना. सकाळी अध्याय उघडावा, तर तोंड धुणे, औषधे, अंथरूण बदलणे यांतच नऊ वाजत. रात्रीची प्रार्थना तर मीच थांबवली. त्यांना बोलता येत नाही आणि आपण त्यांच्यासमोर खडाखडा म्हणायचे, हे मला क्रूरपणाचे वाटे. वर्षभरात मला वाटू लागले की माझा विश्वास मागच्या खोलीत ठेवलेल्या जुन्या पेटीसारखा झाला आहे. आहे म्हणायला आहे, पण उघडायला सवड नाही.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, त्यांना ही अवस्था निराळी सांगायला नको. देव आठवायला वेळ उरत नाही, आणि वेळ मिळालाच तर डोळा लागतो. मग आपण नास्तिक झालो की काय, अशी बोच मनाला लागून राहते.

आता त्या रात्रीविषयी सांगते. आषाढाचे दिवस होते. आमच्याकडे आषाढात पाऊस पडतो म्हणजे आठ आठ दिवस ऊन दिसत नाही आणि दोरीवरचे कपडे वाळत नाहीत. वीज गेली होती. मध्यरात्रीनंतर तिसऱ्यांदा चादर ओली झाली आणि घरात कोरडी चादर उरली नव्हती. मी माझे जुने लुगडे काढले, ते अंथरले आणि अंथरता अंथरता माझ्या तोंडून जे शब्द गेले, ते येथे लिहिणार नाही. त्यांचा अर्थ एवढाच होता की, आता मला यातून सुटका हवी. त्या दिवसांत त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता, ‘बरं’. भूक लागली तरी ‘बरं’, दुखले तरी ‘बरं’. माझे बोलणे ऐकून ते ‘बरं, बरं’ म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

मी पलंगाच्या कडेला बसले. रडूही येईना. चाळीस वर्षांच्या सवयीने तोंडातून प्रभूची प्रार्थना सुरू झाली, तीही फारशा भक्तीने नव्हे. दुसऱ्या वाक्याला मला माझ्या आवाजाखाली आणखी एक आवाज ऐकू आला. ते म्हणत होते. शब्द अडखळत होते, पण होते. स्वर्गातील पित्याचे नाव, त्याचे राज्य, त्याची इच्छा, सारे क्रमाने आले. रोजच्या भाकरीच्या मागणीपर्यंत आम्ही दोघे बरोबर गेलो आणि तेथे ते थांबले. त्यापुढची मागणी क्षमेची आहे. ती मला एकटीला म्हणावी लागली. ती म्हणताना माझा आवाज कसा झाला असेल, याची आपण कल्पना करू शकाल. त्यांनी डाव्या हाताने माझ्या पदराचे टोक धरून ठेवले होते.

पुढे वाचोपचार करणाऱ्या बाईंना मी हे विचारले. त्यांनी समजावून सांगितले की, मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली म्हणजे मनातला विचार शब्दांत मांडण्याची शक्ती अनेकदा जाते, पण वर्षानुवर्षे तोंडात बसलेल्या गोष्टी पुष्कळदा शाबूत राहतात. अंक मोजणे, वारांची नावे, गाणी आणि प्रार्थना त्यांत येतात. म्हणून अशा रुग्णासमोर गप्प राहू नये. त्याच्या ओठांवर रुळलेले जे असेल ते त्याच्याबरोबर सावकाश म्हणावे. आपल्या घरी तो हरिपाठ असेल, कलमा असेल किंवा शाळेतली कविता असेल. हा वाचोपचाराला पर्याय नव्हे, हे मात्र ध्यानात असावे. तो तज्ज्ञांकडूनच घ्यावा आणि जितका लवकर सुरू होईल तितका चांगला. पण क्रूरपणा टाळायचा म्हणून मी जी प्रार्थना बंद केली होती, ती बंद करणे हाच खरा क्रूरपणा होता, हे मला त्या रात्री कळले.

त्यानंतर मी रोजच्या कामांकडे निराळ्या नजरेने पाहू लागले. त्यांच्या अन्नाचेच पाहा. गिळण्याचा त्रास असलेल्या माणसाला पातळ पाण्याने ठसका लागतो, तर कोरडा घास घशात अडकतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने गुरगुट्या भात, दाट पेज, वरणात पूर्ण भिजवलेली तांदळाची भाकरी असे जेवण ठरले. जेवताना त्यांना ताठ बसवायचे, घास लहान द्यायचा, पहिला गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यायचा आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नाही. एका जेवणाला पाऊण तास लागतो. पूर्वी त्या पाऊण तासात माझे लक्ष घड्याळाकडे असे. आता मी प्रत्येक घासाला मनात ‘आजची भाकर’ एवढेच म्हणते. प्रभूने शिष्यांना वर्षाचे धान्य मागायला शिकवले नाही, दिवसाची भाकर मागायला शिकवले. आमच्या घरी ती वाटीत भिजलेली असते आणि चमच्याने जाते, इतकाच फरक.

कूस बदलण्याचेही तसेच. अंथरुणातल्या माणसाला शय्याव्रण होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते. पहिल्या वर्षी हे रात्रंदिवस करावे लागे. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या मठात दिवसाचे आणि रात्रीचे प्रहर प्रार्थनेसाठी वाटून दिलेले असत. घंटा झाली की हातातले काम ठेवून संन्यासी प्रार्थनेला जमत. मला घंटा नव्हती, गजर होता. मी ठरवले की, दर वेळी कूस बदलताना एका माणसाचे नाव घ्यायचे आणि त्याच्यासाठी एक वाक्य प्रार्थना करायची. शेजारीण, रुसलेली भाची, दूध घालणारा मुलगा, कोणीही. रात्री तीनचा गजर मला अजूनही आवडत नाही. पण त्या गजराला आता एक नाव असते.

हे काही मला नव्याने सुचलेले नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधे बंधू होते. ते मूळचे सैनिक. पायाला झालेल्या जखमेने ते अधू झाले होते. मठात त्यांच्या वाट्याला स्वयंपाकघर आले आणि पुढे पाय फारच दुखू लागल्यावर चपला दुरुस्त करण्याचे काम आले. भांड्यांच्या खडखडाटातही देवाचे सान्निध्य चॅपेलइतकेच लाभते, असा त्यांचा अनुभव होता. ते १६९१ मध्ये वारले आणि त्यांची पत्रे व संभाषणे त्यानंतर पुस्तकरूपाने आली. आपल्या मराठी मुलखाला तर हे अगदी ओळखीचे आहे. सावता माळ्यांना अरणच्या मळ्यात पांडुरंग भेटला आणि जनाबाईंना जात्यापाशी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कविवर्य नारायण वामन टिळक म्हणत की, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ उघडून पाहा. परधर्मात गेलेल्या पतीमागे त्यांचे मन कसे हळूहळू बदलत गेले, हे त्या स्वयंपाक, सोवळे, पाणी, पाहुणे आणि आजारपणे यांच्याच गोष्टींतून सांगतात. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलींना आसरा दिला आणि शास्त्रवाचनाबरोबरच विणकाम, शेतीकाम, छपाई शिकवली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत केलेले बायबल त्याच आश्रमातल्या बायकांनी खिळे जुळवून छापले. तेथे खिळा जुळवणे आणि भक्ती करणे ही दोन कामे नव्हती.

येथपर्यंत मी सेवा करणाऱ्यांशी बोलले. आता ज्यांना सेवा घ्यावी लागते, त्या वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुऊ लागले, तेव्हा पेत्राने पाय मागे घेतले. गुरूने आपले पाय धुवावेत, हे त्याला सोसवेना. त्यावर प्रभूंनी त्याला सांगितले की, हे करू दिले नाहीस तर तुझा माझ्याशी वाटा राहणार नाही. पुढे योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस तेच पेत्राला म्हणतात की, तू म्हातारा होशील तेव्हा दुसरा कोणी तुझी कंबर बांधील आणि तुला नको असेल तिकडे नेईल. तो इशारा त्याच्या मरणाविषयीचा होता, पण वार्धक्याचे इतके रोखठोक वर्णन मी अन्यत्र वाचलेले नाही. सेवा करणे सोपे नाही, पण ती निमूटपणे करून घेणे त्याहून अवघड आहे. माझे पती आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या घाटावर चढवत आले. त्यांना माझ्या हातून आंघोळ करून घेणे किती जड गेले असेल! म्हणून जे त्यांना जमते ते मी त्यांच्याकडून काढून घेत नाही. धुतलेल्या रुमालांच्या घड्या ते डाव्या हाताने करतात. घडी वाकडी येते. मी ती सरळ करत नाही.

एका गैरसमजापासून मात्र आपण सावध राहावे. कामात देव आहे म्हणून विश्रांतीत तो नाही, असे नव्हे. मी बराच काळ कोणाची मदत घेत नव्हते. हा माझा वधस्तंभ आहे, तो मीच वाहीन, असे म्हणत असे. त्यात भक्ती थोडी होती आणि अहंकार पुष्कळ होता. एके दिवशी त्यांना उठवताना माझीच कंबर धरली आणि आम्ही दोघे जमिनीवर आलो. सुदैवाने हाड मोडले नाही. त्यानंतर एलिया संदेष्ट्याची कथा मी पुन्हा वाचली. तो रानात झाडाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले, आणि पुन्हा उठवून खायला घातले. ते वाचल्यावर मी खालापूर तालुक्यात, खोपोलीला राहणाऱ्या माझ्या नणंदेला फोन केला. आता एका रविवाराआड ती सकाळच्या गाडीने येते, भावाजवळ बसते आणि मी उपासनेला जाते. आल्या आल्या ती मला म्हणते, “वहिनी, तू नीघ आता, घास मी भरवते.” थकलेल्या माणसाला चिडचिड होते, झोप लागत नाही, कशात मन रमत नाही. ही लक्षणे पाप नव्हेत. ती वारंवार दिसू लागली तर स्वतःसाठी डॉक्टरांकडे जावे.

आणि प्रत्येक दिवस उजळतो असेही नाही. पुष्कळदा चादर ही चादरच असते आणि पेज ही पेजच. तशा दिवशी मी पवित्र काही वाटून घेण्याचा आटापिटा करत नाही. काम नीट करते, एवढे पुरे होते.

ज्या वाचकांना आरंभ करावासा वाटेल, त्यांनी सारा दिवस बदलायला जाऊ नये. रोज करावेच लागणारे एक काम निवडावे, सकाळच्या गोळ्या काढून ठेवण्यासारखे, आणि त्याला आपल्या श्रद्धेतले एक लहान वाक्य जोडावे. महिनाभर तेवढेच करावे.

बँकर इंजिने लोणावळ्याला सुटतात. गाडी पुढे पुण्याला जाते. खिडकीशी बसलेल्या प्रवाशांना आपल्याला मागून कोणी ढकलले, हे ठाऊकही नसते. इंजिने घाट उतरून पुन्हा कर्जतला येतात आणि पुढच्या गाडीची वाट पाहतात. माझे पती नोकरीत असताना हे सांगत, तेव्हा मी भाजी चिरता चिरता अर्धवट ऐकत असे. आता रात्री प्रार्थनेला बसलो की ते अजून भाकरीपाशी थांबतात. क्षमेची मागणी मी म्हणते. मग ते म्हणतात, ‘बरं’.