धार लागते तेव्हा

बोलीतले शब्द गोळा करताना माझी वही सर्वांत जास्त भरली ती ‘धार’ या शब्दाने. थेंब पडतो, गळतो, ठिबकतो. धार मात्र ‘लागते’. एका थेंबामागून दुसरा इतका लगोलग येतो की मधली फट डोळ्याला दिसत नाही, तेव्हाच आपण धार म्हणतो. नळ हळूहळू बंद करत जा. एका क्षणी धार तुटते आणि ठिबक सुरू होते. या शब्दाची शीव तिथेच आहे. रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात अखंड ध्यानाला उपमा दिली ती तेलाच्या धारेची, पाण्याच्या नव्हे. तेल ओतून पाहिलं की कारण कळतं.

मग सुरीची धार कुठून आली? मोनियर-विल्यम्स यांच्या १८९९च्या संस्कृत कोशात ‘धारा’च्या दोन वेगळ्या नोंदी आहेत. एक धावण्या-वाहण्याच्या ‘धाव्’पासून, दुसरी घासण्या-धुण्याच्या ‘धाव्’पासून. व्युत्पत्ती म्हणून मला ते मान्य आहे. पण मराठी तोंडात हे दोन प्रवाह केव्हाच मिसळले. सह्याद्रीत डोंगराच्या अरुंद, लांबट माथ्यालाही धार म्हणतात. तिच्यावर पडलेला पाऊस दोन अंगांना वाटला जातो. ती पात्यासारखी आहे की वाहत गेलेल्या रेघेसारखी? दोन्ही. संततधार, धारातीर्थ, धारेवर धरणं हे सगळं एकाच नोंदीखाली यावं, असं माझं ठाम मत आहे. खोतीच्या गावांतला ‘धारेकरी’ तेवढा मी बाहेर ठेवतो. त्याच्यातला ‘धारा’ म्हणजे शेतसारा.

‘पहिल्या धारेची’ हा प्रयोग भट्टीवरचा. अल्कोहोल साधारण ७८ अंशांना उकळतं, पाण्याच्या बरंच आधी. म्हणून नळीतून सुरुवातीला उतरते ती सर्वांत कडक. तिथून हा शब्द अस्सलपणाचं माप झाला आणि माणसांनाही लागू पडला. गोव्यातल्या काजूच्या उर्राकशी मात्र त्याची गल्लत करू नये. उर्राक पहिल्या ऊर्ध्वपातनाची असूनही सौम्य असते. इथे ‘पहिली’ म्हणजे एकाच उकळीतली आधी उतरलेली.

पण माझ्या लेखी या शब्दाचं खरं घर गोठ्यात आहे. दूध काढणं हे काम झालं. धार काढणं म्हणजे वासरू सोडून गाईला पान्हा फुटेपर्यंत थांबणं, कास धुणं, सडांवर बोटांची लय धरणं. रिकाम्या चरवीवर पहिली धार खणखणते. मग फेस चढतो तसा आवाज जाड, मऊ होत जातो. चरवी किती भरली हे काढणारी न बघता सांगते. त्या दुधाला ‘धारोष्ण’ म्हणतात. नुसतं कोमट नव्हे, धारेच्याच उबेचं.

सातारा-सांगलीकडे ‘धारा काढायच्यात’ असं अनेकवचन चालतं. तिकडच्या एका गोठ्यात मी संध्याकाळी गेलो होतो. बारा म्हशी, सडांना यंत्राचे कप, दूध बंद नळीतून थेट कॅनमध्ये. धार कुठे दिसतच नव्हती. गोठ्याच्या तरुण मालकाला फोन आला. एका हाताने कप सारखे करत तो म्हणाला, “अर्ध्या तासानं कर गा, धारा काढतोय.”

मी तिथेच, शेणाने माखलेल्या उंबऱ्यावर टेकून, ते वाक्य वहीत उतरवलं.