केंद्र नसलेला घन

बुटीबोरीच्या महाविद्यालयात मराठी शिकवणारे आम्ही दोघे. नागपूरहून रोज बसने जाता-येता रुबिकचा घन सोडवण्याची सवय आम्हांला चाळिशी उलटल्यावर लागली. १९७४ साली तो घडवणारे एर्नो रुबिक बुडापेस्टला अध्यापक होते. तेवढ्यावरून ते आम्हांला आपल्याच पेशातले वाटत.

तीन थरांच्या त्या घनाच्या मांडण्या ४३ वर अठरा शून्ये द्यावीत इतक्या आहेत. तरीही तो भीतिदायक वाटत नाही, कारण प्रत्येक बाजूचा मधला चौकोन आपली जागा सोडत नाही. पांढऱ्यासमोर पिवळा, निळ्यासमोर हिरवा, हे ठरलेलेच असते. बाकीचे काम पाठ केलेली सूत्रे करतात.

पुढे आम्ही चार थरांचा घन आणला. त्याला मध्यच नाही. प्रत्येक बाजूला मधोमध चार सुटे चौकोन असतात. ते जुळवून केंद्र आधी आपणच उभे करायचे. मग कडांचे २४ तुकडे जोडीजोडीने बांधले की जुनी सूत्रे पुन्हा चालू लागतात. आम्ही सुखावलो.

एके सकाळी खापरी मागे पडली तेव्हा सारे जुळले होते, फक्त एक कड उलटी होती. तीन थरांच्या घनात असे घडूच शकत नाही. घडलेच, तर कुणीतरी तुकडे उखडून चुकीचे बसवले असे समजावे. आम्हीही तेच समजलो. दोष मात्र घनात नव्हता. आपण जिला एक कड म्हणतो ती आपणच बांधलेली जोडी होती. आतले थर किती वेळा फिरले, ती संख्या सम की विषम, हे बाहेरून कळत नाही. ही कड सुलटी करायला वेगळे, लांब सूत्र लागते आणि ते करताना जुळलेलेही काही काळ मोडावे लागते.

त्याच आठवड्यात आम्ही द्वितीय वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. कवितेची मध्यवर्ती कल्पना विचारली होती. एका मुलीने लिहिले होते की या कवितेत दोन आवाज आहेत आणि ते एकमेकांचे ऐकत नाहीत. आमच्यापैकी एकाने ‘विषयांतर’ असा शेरा देऊन दहापैकी दोन गुण दिले होते. दुसऱ्याने त्यावर मान डोलावली होती. घनाच्या प्रसंगानंतर ते उत्तर आम्ही पुन्हा वाचले. ‘मध्यवर्ती’ हा शब्द कवितेचा नव्हता, आमचा होता.

गुण वाढवले. तिला बोलावून तसे सांगितलेही. ती संकोचून म्हणाली, “नाही सर, पुढच्या वेळी तुम्ही सांगता तसंच लिहीन.”

परतीच्या बसमध्ये त्या दिवशी घन पिशवीतच राहिला.